साडेतेवीस तासांचं घर

चिंचणीतल्या आमच्या आळीतली जुनी घरं समुद्राकडे पाठ करून बसलेली आहेत. ओटी रस्त्याकडे, म्हणजे पूर्वेला. मागे परस, विहीर, मग वाडी, वाडीच्या टोकाला ताड आणि सुरू, आणि त्यांच्याही पलीकडे वाळू नि पाणी. मुंबईहून पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास विचारतो, "एवढा समुद्र मागे आणि तिकडे एक धड खिडकी नाही?" खिडकी आहे. पण ती लहान आहे, लाकडी आहे आणि दुपारी बारा ते पाच बंद असते.

हे आत्ता लिहायचं कारण नात्यातल्या सगळ्यांना माहीत आहे. जुनं घर पाडून तिथे नवा बंगला बांधायचं घाटतंय आणि त्याची चित्रं आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर फिरताहेत. (बाकीच्या वाचकांसाठी: घर आजोबांनी बांधलेलं, वाटेकरी पाच, तिथे राहणारं माणूस एकच... आमची काकू.) चित्र देखणं आहे, यात वाद नाही. पश्चिमेला दोन्ही मजले मिळून भिंतभर काच, काचेपुढे लाकडी डेक, सोफ्यावर बसल्या बसल्या सूर्यास्त. ग्रुपवर अंगठ्यांचा पाऊस पडला. माझा अंगठा न दिसल्यामुळे "तुझं काय ते सविस्तर सांग" असा दादाचा हुकूम आला. तर हे सविस्तर :-)

आधीच सांगते, माझा नव्या घराला विरोध नाही. घरातून समुद्र दिसावा यालाही नाही. पण समुद्र बघायला दिवसातला अर्धा तास पुरतो. उरलेले साडेतेवीस तास त्याच्या शेजारी राहायचं असतं. घर बांधताना हिशेब त्या साडेतेवीस तासांचा व्हायला हवा, आणि चित्रात मला फक्त अर्ध्या तासाचा दिसतोय.

पहिला हिशेब उन्हाचा. आपला किनारा पश्चिमेला तोंड करून आहे. म्हणजे समुद्राकडे उघडणारी प्रत्येक काच ही मावळतीच्या उन्हाकडेही उघडते. दुपारी दोनपासून सूर्य खाली येत जातो, ऊन तिरपं होत थेट खोलीत शिरतं आणि छज्जा त्याला अडवू शकत नाही. एप्रिल-मे महिन्यात त्या काचेआड बसायचं तर जाड पडदे ओढून एसी लावावा लागेल. म्हणजे लाखो रुपयांची काच घ्यायची आणि वर तिला झाकायला कापड घ्यायचं! पावसाळ्यात तर नैऋत्येचा वारा पाऊस आडवा आणतो, तोही त्याच भिंतीवर. 17 मे 2021 ला तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेलं तेव्हा पालघर जिल्ह्यात किती घरांची छपरं उडाली आणि किती वाड्या झोपल्या, हे काही मी नव्याने सांगायला नको. वाडीतल्या सुरूंनी आणि ताडांनी त्या दिवशी काय अडवलं ते काकूला विचारा. चित्रात 'व्ह्यू मोकळा करण्यासाठी' तीच झाडं गायब आहेत.

दुसरा हिशेब मिठाचा. खारा वारा सिमेंटमधून हळूहळू आत मुरतो आणि सळईपर्यंत पोचला की सळई गंजते. गंजाला मूळ लोखंडाच्या किमान दुप्पट जागा लागते, म्हणून तो आतून ढकलतो आणि स्लॅबचे पापुद्रे सुटतात. बोईसर-तारापूरकडच्या कितीतरी इमारतींच्या गच्चीखाली हा प्रकार बघायला मिळतो. काँक्रीटचं भारतीय मानक, आयएस 456, किनाऱ्यावरची हवा 'तीव्र' प्रकारात धरतं: किमान एम 30 काँक्रीट आणि सळईवर 45 मिलिमीटरचं आवरण. लाटांचे तुषार अंगावर येत असतील तर एम 35 आणि 50 मिलिमीटर. शहरात घराच्या आतल्या स्लॅबला 20 मिलिमीटर आवरण चालून जातं. आपल्या आराखड्यात काचेचा रंग लिहिलाय, सोफ्याचं कापड लिहिलंय, आवरण किती ते कुठेच नाही.

तिसरा हिशेब कायद्याचा. सागरी किनारा नियमन क्षेत्र, म्हणजे सीआरझेड, ही भानगड 1991 पासूनची. त्या वेळच्या नियमानुसार ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून 200 मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, मात्र असलेल्या अधिकृत घराची त्याच जोत्यावर दुरुस्ती करता येते. 200 ते 500 मीटरमध्ये घर बांधता येतं, पण दोन मजले आणि 9 मीटर उंचीच्या आत. 2019 च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या गावांसाठी 200 चे 50 मीटर केले, बाकीच्यांना 200 च ठेवले. त्यात आपला तालुका डहाणू, जो 1991 पासूनच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झालेला. तेव्हा आपला सातबारा नकाशात नेमका कुठे पडतो हे आधी बघू या, डेकचं लाकूड नंतर निवडू.

मग समुद्राकाठी नवं घर बांधूच नये का? बांधावं की. अलिबागच्या दक्षिणेला नांदगावला 2007 मध्ये बांधून झालेलं 'पामायरा हाउस' आहे. बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईचं काम, 2010 च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत होतं. पामायरा म्हणजे आपला ताड. नारळीच्या वाडीत, समुद्रासमोर, एकमेकींपासून जरा सरकलेल्या दोन लांबट दुमजली इमारती. सांगाडा ऐनाच्या लाकडाचा, जोती आणि कुंपणाच्या भिंती तिथल्याच काळ्या दगडाच्या. आणि समोर काचेची भिंत नाही, तर ताडाच्या खोडाच्या तिरप्या पट्ट्या. त्यातून वारा येतो, उजेड चाळून येतो, ऊन बाहेर राहतं. पाणी जागेवरच्या विहिरींचं. फोटो बघताना मला वाटलं, हे घर समुद्राकडे डोळे किलकिले करून बघतंय... आपण उन्हात बघतो तसं. श्रीमंतांचं सुट्टीचं घर आहे, मान्य. पण त्यातली अक्कल श्रीमंतांची नाही. आपल्या परसातल्या झापांच्या कुडातही तीच आहे.

आता थोडं कटू. आपण ज्या 'व्ह्यू'साठी एवढा खर्च करणार तो आपल्या नावावर नाही. डेकवर उभं राहिलं की उजव्या हाताला वरोर आणि त्यापुढे वाढवण. 19 जून 2024 ला केंद्रीय मंत्रिमंडळाने तिथल्या बंदराला मंजुरी दिली, 30 ऑगस्ट 2024 ला पायाभरणी झाली. प्रकल्प सुमारे 76,220 कोटींचा. समुद्रात 1,448 हेक्टर भराव आणि 10 किलोमीटरहून लांब लाटरोधक बांध. डाव्या हाताला खाडीपलीकडे तारापूर आणि त्याच्या पुढे अणुऊर्जा केंद्र, 1969 पासूनचं. त्याच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावंच्या गावं उठवली गेली. त्या लोकांच्या दारात पिढ्यान्‌पिढ्या समुद्र होता, आणि कागदावर बदल्यात घर मिळालं तरी समुद्र मिळाला नाही. या किनाऱ्यावर क्षितिज कायमचं कुणाचंच नसतं. क्षितिजाच्या भरवशावर घराची मांडणी करू नये एवढंच मला कळतं. मांडणी माणसांच्या भरवशावर करावी.

आणि माणसांचं बघायचं तर नव्या चित्रात ओटीच नाही. रस्त्याकडून थेट गॅरेजचं शटर आणि एक बंद दरवाजा. आता या ओटीवर काय काय होतं ते आठवा. आजोबांचा डाय कोरायचा ठोकळा तिथे होता, आळीतली निम्मी घरं डायच्या कामावर चालली ती ओटीवरच्या उजेडात. सकाळी मांगेलीण पाटी उतरवते ती तिथेच, आणि बोंबील घेता घेता गावभरच्या बातम्या काकूला मिळतात. काकूची तब्येत कशी आहे हे आपल्याला फोनवर कळतं, शेजाऱ्यांना ओटीवरून कळतं. ती सकाळी आठपर्यंत ओटीवर दिसली नाही तर कुणीतरी हाक मारतं. नव्या बंगल्यात तिची खोली पश्चिमेला, वरच्या मजल्यावर, 'बेस्ट व्ह्यू'ची. वय 74, गुडघे दुखतात, आणि समुद्र तिने लग्न होऊन आल्यापासून पाहिलाय. तिला उत्तम दृश्य देताना आपण तिचा रस्ता काढून घेतोय, हे कुणाच्या लक्षात आलं नसावं. वाईट हेतू कुणाचाच नाही. चित्र काढताना तिला कुणी विचारलं नाही, एवढंच.

नुसती टीका करून पळून जाणार नाही. माझा प्रस्ताव असा. ओटी आणि माजघर आहे तसं ठेवू, कौलं उतरवून वासे तपासू. मागचा भाग, जो खरंच मोडकळीस आलाय, तो त्याच जोत्यावर नव्याने बांधू, किनाऱ्याच्या नियमाने जेवढं आवरण लागतं तेवढं घालून. पश्चिमेला काचेऐवजी खोल पडवी, छप्पर चांगलं खाली उतरलेलं आणि तिरप्या पट्ट्यांच्या झडपा. झोपाळा तिथे. सूर्यास्त पडवीतून दिसतो, ताडांच्या मधून, आणि माझ्या मते तसाच जास्त चांगला दिसतो. एकही झाड तोडायचं नाही. काकूची खोली खाली, ओटीला लागून, शेजारी न्हाणीघर.

शेवटची अट पैशांपेक्षा अवघड आहे. खाऱ्या हवेत बंद घर लवकर मरतं. कुलपं गंजतात, दारं फुगतात, वाळवी लागते. तेव्हा पाचही वाटेकऱ्यांनी वर्षातून निदान तीन आठवडे तिथे येऊन राहायचं, पावसाळ्यातलाही एक आठवडा त्यात धरून. ज्याला हे जमणार नाही त्याने किनाऱ्यावरच्या एखाद्या रिसॉर्टमध्ये खोली घ्यावी. तिथे काचाही असतात, आणि त्या पुसायला माणसंही.

दिवाळीला सगळे भेटू तेव्हा आराखडा समोर ठेवून बोलू. काकूच्या ओटीवर, आणि काकूला मध्ये बसवून. तोवर कुणाला माझा हिशेब चुकलेला वाटत असेल तर जरूर लिहा. फक्त एप्रिलमधली एक दुपार त्या मागच्या खिडकीपाशी काढून मग लिहा.