पाय हाती घेण्याआधी

मेहकर तालुक्यातल्या जानेफळसारख्या गावात सोयाबीन सोंगून आलेल्या अम्मीचे पाय लेक किंवा सून चेपते, तेव्हा अम्मी बिचकत नाही. तेच पाय परक्या बाईच्या हाती द्यायचे म्हटले की ती आकसते. भेगा दिसतील, गुदगुल्या होतील, पडद्याचे काय?

तळव्याचे ठरावीक बिंदू दाबण्याची ही रीत, रिफ्लेक्सॉलॉजी, अमेरिकेच्या युनिस इंगहॅम यांच्या १९३८च्या पुस्तकाने पसरली. हे काम शिकणाऱ्या भगिनींना आमचे सांगणे असे : दार लोटून घ्यावे, सलवार वर सरकवण्याआधी विचारावे. बिंदू लगेच शोधू नयेत. कोमट पाण्याने पाय धुऊन पुसावेत आणि अख्खा तळहात तळव्यावर नुसता टेकवावा. गुदगुल्या हलक्या बोटांनी होतात, सपाट, ठाम हाताने सहसा होत नाहीत. ‘दुखले तर सांगा’ एवढ्याने भागत नाही. आपल्या बायका दुखले तरी गप्प बसतात. म्हणून चेहरा पाहावा. श्वास अडला, बोटे आखडली की दाब कमी करावा.

आणि ‘इथे दुखते म्हणजे किडनी बिघडली’ असे तर मुळीच बोलू नये. त्याला पक्का पुरावा नाही, उलट बाई घरी जाऊन रात्रभर जागते. थकवा उतरतो, झोप लागते, इतके पुष्कळ झाले.

मधुमेह आहे का, हे आधी विचारावे. बधिर तळव्याला पाण्याचा चटकाही कळत नाही. पाणी आपल्या कोपराने पाहावे. पायाला जखम असेल किंवा एकच पोटरी अचानक सुजली असेल, तर हात न लावता डॉक्टरकडे पाठवावे, त्याच दिवशी.