चिलटांना औषध नको, मातीला उपवास हवा

पावसाळ्याच्या दिवसांत तपासणी आटोपल्यावर एखादी आई हमखास विचारते, "डॉक्टर, घरातल्या कुंड्यांभोवती बारीक काळी चिलटे उडतात. बाळाला काही होणार नाही ना? कोणते औषध फवारू?" प्रश्न वरकरणी बागकामाचा असला तरी त्याचे उत्तर बालरोगतज्ज्ञाने देणे उचित ठरेल. ती चिलटे बाळाला काहीही करीत नाहीत. त्यांच्यासाठी फवारलेले औषध मात्र अपाय करू शकते.

उपचारापूर्वी निदान हवे. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारी चिलटे निराळी आणि कुंडीतली निराळी. कुंडीतली चिलटे 'सायरिडी' कुळातील, दोन-तीन मिलिमीटर लांबीची, लांब पायांची व उडण्यात दुबळी असतात. ती चावत नाहीत आणि माणसांत कोणताही रोग पसरवीत नाहीत. प्रौढ चिलट जेमतेम आठवडा-दहा दिवस जगते. पण तेवढ्या अवधीत मादी ओलसर मातीत शंभराहून अधिक अंडी घालू शकते. त्यांतून निघणाऱ्या, काळ्या डोक्याच्या पारदर्शक अळ्या मातीच्या वरच्या दोन-तीन इंचांत राहून बुरशी, कुजका पाला आणि प्रसंगी कोवळी मुळे खातात. अंड्यापासून प्रौढावस्थेपर्यंतचा प्रवास सुमारे तीन-चार आठवड्यांत पुरा होतो.

म्हणजे उडणारे चिलट हे केवळ लक्षण होय; व्याधी आहे ती सतत ओल्या राहणाऱ्या मातीत. हवेत फवारा मारल्याने आजची चिलटे मरतील, मातीतल्या अळ्या मात्र सुखरूप राहतील. ज्वराचे कारण न शोधता केवळ ज्वर उतरविण्यासारखाच हा प्रकार आहे.

ही ओल येते कोठून? माझ्या मते ती आपल्या सवयीतून येते. जुन्या वाड्यांच्या अंगणात तुळशीला रोज पाणी घालण्याचा परिपाठ होता. तेथे ऊन होते, वारा होता. घातलेले पाणी सायंकाळपर्यंत आटून जाई. आता आपण सदनिकांत राहावयास आलो, कुंड्या दिवाणखान्यात आल्या, परंतु रोजच्या पाण्याचा नेम तसाच राहिला. त्यात आपली मालव्याची काळी माती पाणी धरून ठेवणारी, आणि रोपवाटिकेतून येणारा नारळाचा भुसाही तसाच. मनीप्लांटसारख्या झाडाला घरात रोज पाण्याची गरज नसते. प्रेमापोटी घातलेले ते पाणी झाडाची मुळे कुजविते आणि चिलटांची सोय करते.

उपचार साधा आहे. बोट दीड-दोन इंच मातीत घालून पाहावे. कोरडे लागले तरच पाणी द्यावे. अर्धवट कुजलेले खत, चहाचा चोथा व गळलेली पाने कुंडीतून काढावीत. पिवळे चिकट कागद मातीलगत लावले की प्रौढ चिलटे त्यांवर अडकतात. बटाट्याची चकती मातीवर ठेवली तर दोन-तीन दिवसांत अळ्या तिच्याखाली जमतात. ती चकती अळ्यांसह टाकून द्यावी. एवढ्याने भागले नाही, तर 'बॅसिलस थुरिंजिएन्सिस इस्राएलेन्सिस' हा जिवाणू पाण्यात मिसळून आठवड्यातून एकदा, तीन-चार आठवडे मातीत घालावा. १९७६ मध्ये इस्रायलमध्ये सापडलेला हा जिवाणू डासांच्या अळ्यांविरुद्धही वापरला जातो. मात्र थुरिंजिएन्सिसचा सुरवंटांसाठी विकला जाणारा प्रकार वेगळा असून तो येथे निरुपयोगी आहे. एवढे करूनही पुरता एक महिना धीर धरावा लागतो, कारण मातीतली पिढी संपावयास तितका काळ जातोच.

फवाऱ्याला माझा विरोध आहे तो बाळांमुळे. रांगते मूल जमिनीलगत वावरते, हात तोंडात घालते आणि वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा अधिक हवा आत घेते. दम्याच्या मुलाला असा फवारा विशेष बाधतो. त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे शेतीची कीटकनाशके सुटी आणून शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत ठेवण्याची प्रथा. सेंद्रिय फॉस्फरसयुक्त विषाने लाळ गाळणारे, बाहुल्या आकुंचन पावलेले, श्वासासाठी धडपडणारे मूल ज्याने पाहिले आहे, तो निरुपद्रवी चिलटांसाठी असली बाटली घरात येऊ देणार नाही.

तथापि या चिलटांचे एक उपकार मानले पाहिजेत. घरात पाणी जास्त होत असल्याची सूचना ती देतात. ज्या कुंडीची माती सदैव ओली, तिच्या खालच्या ताटलीत बहुधा पाणीही साचलेले असते. आणि डेंग्यू पसरविणाऱ्या एडिस डासाला तेवढे पाणी पुरते. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून ताटली आठवड्यातून एकदा तरी रिकामी झालीच पाहिजे. नुसते पाणी ओतून भागत नाही; काठाला चिकटलेली अंडी कोरड्यातही महिनोन्‌महिने टिकतात, म्हणून ताटली घासावी.

व्यवसायबंधूंना माझी विनंती आहे की, चिलटांविषयी कोणी विचारले तर "ती निरुपद्रवी आहेत" एवढ्यावर थांबू नये. पाणी किती घालता, ताटली केव्हा घासली आणि कीटकनाशक कोठे ठेवले आहे, हे तीन प्रश्न अवश्य विचारावेत. त्यास दोन मिनिटे लागतात, आणि त्यांतून एखादे मूल विषबाधेपासून वा डेंग्यूपासून वाचू शकते.