सिमोल्लंघन

मे महिन्याची सुटी जवळ आली की नाशिकच्या गंगापूर रोडपासून इंदिरानगरपर्यंत घरोघरी एकच खल सुरू होतो. तिकिटे निघालेली असतात, व्हिसा हातात असतो, मेतकूट आणि गोडा मसाला वजनकाट्याला मान देऊन बॅगेत बसलेले असतात. उरतो तो फोन. तिकडे गेल्यावर कुठले सिम घ्यायचे? सोसायटीत या विषयाचे किमान तीन जाणकार असतात. एक म्हणतो, आपलेच सिम रोमिंगवर न्या. दुसरा म्हणतो, उतरल्या उतरल्या विमानतळावर तिथले घ्या. तिसरा ई-सिमवाला असतो आणि तो पहिल्या दोघांकडे कणवेने पाहतो.

गंमत अशी, की रोमिंगवर गेलेला माणूस नेटवर्क निवडतो, हेच मुळात खरे नाही. त्याच्या वतीने ते आधीच निवडलेले असते. इथल्या कंपनीचा तिथल्या ज्या कंपनीशी करार, तिच्या टॉवरला फोन निमूट जाऊन चिकटतो. सेटिंगमध्ये शिरून दुसरे नाव निवडता येते. पण तेही करारातले असेल तरच, नाहीतर फोन दाद देत नाही. दर ठरतो तो याच करारावर. अंतराशी त्याचा फारसा संबंध नसतो.

नाशिककरांना हे कुणी समजावून सांगायला नको. दूरसंचार खात्याच्या नकाशात महाराष्ट्र आणि गोवा मिळून एक सर्कल, मुंबई मात्र वेगळे. मोबाइलच्या सुरुवातीच्या वर्षांत त्यामुळे पणजी घरची आणि कल्याण परमुलूख, अशी स्थिती होती. पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला नोकरीवर जाणारा माणूस कसारा घाट उतरून पुढे गेला, की त्याच्या फोनवर स्वागताचा मेसेज यायचा आणि त्यानंतर आलेला फोन उचलायचेही पैसे पडायचे. मग ‘पोचलो’साठी एक मिस्ड कॉल, ‘उशीर होतोय’साठी दोन, अशी घरगुती तारयंत्रणा उभी राहिली. पुढे ट्रायने टप्प्याटप्प्याने दर खाली आणले, सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले आणि वर्षभराच्या आत इतरांनीही देशांतर्गत रोमिंगचा आकार सोडून दिला. घाट तोच, टॉवर तेच, खर्च तेवढा नाहीसा झाला. तो खर्च होता की वसुली, हे वाचकांनीच ठरवावे. (देशात एक अपवाद अजून आहे. बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. शिकाऱ्यात बसल्यावर हे कळलेले पर्यटक पुष्कळ.)

युरोपीय संघाने हीच गोष्ट १५ जून २०१७ पासून नियम करून साधली. पॅरिसला घेतलेले सिम बर्लिनला, रोमला, व्हिएन्नाला जवळजवळ त्याच दरात चालते. पण आपल्या मंडळींची युरोप सहल स्वित्झर्लंडवाचून पुरी होत नाही, आणि नेमके स्वित्झर्लंड संघात नाही. शेंगेन व्हिसा तिथे चालतो, रोमिंगचा नियम लागू होत नाही. म्हणजे ज्या बर्फात उभे राहून मावशीला व्हिडिओ कॉल करायचा म्हणून एवढा खटाटोप, तिथेच सिम मान टाकते; किंवा चालते, आणि का चालले ते नंतर बिलावरून कळते. फेब्रुवारीत बर्लिनच्या ‘फ्रूट लॉजिस्टिका’ला जाणाऱ्या दिंडोरी-निफाडच्या द्राक्षवाल्यांनी पॅकची किंमत पाहण्याआधी त्यातल्या देशांची यादी वाचावी, ती यासाठी. दुबईची तऱ्हा आणखी निराळी. सिम मिळते, डेटा मिळतो, आणि व्हॉट्सअॅपवरून बोलायला गेले की फोन गप्प, कारण त्या कॉलवर तिथे बंदी आहे.

सर्वांत बिकट प्रकरण मात्र अमेरिकेला नातवंड सांभाळायला निघालेल्या आजी-आजोबांचे. मुलाच्या फॅमिली प्लॅनमध्ये त्यांची सोय होते, तो प्रश्न नाही. (बटणाचा जुना फोन मात्र घरी ठेवावा, तिथल्या कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केले.) प्रश्न इथल्या नंबरचा आहे. पेन्शनचे खाते, आधार, गॅस, डिमॅट, सगळ्यांचा ओटीपी त्यावर येतो. बाहेरदेशी एसएमएस सहसा फुकट येतो, पण रोमिंग चालू केलेले असेल तरच. ते ॲपवरून चालू करायला गेले, तर ॲप ओटीपी मागते आणि तो ओटीपी रोमिंग बंद असलेल्या सिमवर निघालेला असतो. प्रीपेड नंबर नव्वद दिवस वापरात नसेल आणि शिल्लक वीस रुपयांहून कमी असेल, तर तो बंद करायची कंपनीला मुभा आहे. मुक्काम असतो सहा महिन्यांचा. पुढे तो नंबर दुसऱ्या कुणाला मिळाला, की आजोबांच्या बँकेचे मेसेज तो वाचतो. तेव्हा तिकडचे सिम कुठले, याआधी इकडचे सिम जिवंत कसे राहील, हे पाहायला हवे. मुलाने तिकडून ऑनलाइन रिचार्ज मारत राहावे, हा त्यातल्या त्यात सोपा उपाय. त्यात नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार विभागाने व्हॉट्सअॅपसारखी ॲप फोनमधल्या चालू सिमशी जखडून ठेवण्याचा आदेश काढला. हेतू सायबर भामट्यांना आवरण्याचा आहे, तो योग्यच. पण इथले सिम काढून पाकिटात ठेवण्याची आजीची जुनी युक्ती त्यात बसत नाही.

आंतरराष्ट्रीय रोमिंगचे दर ट्रायने कंपन्यांच्या मर्जीवर सोडलेले आहेत. आखाती देशांनी आपसात त्यावर मर्यादा घातल्या, युरोपने घातल्या. आपण निदान नेपाळ, श्रीलंका, अमिराती, सिंगापूर एवढ्यांशी तरी तसे बोलणे करायला काय हरकत आहे? पैशांच्या बाबतीत ते जमले आहेच. सिंगापूरशी यूपीआय २०२३ मध्ये जोडले गेले, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये आयफेल टॉवरच्या तिकिटाचे पैसे यूपीआयने भरण्याची सोय झाली तेव्हा आपल्याकडे केवढे कौतुक झाले! ते पैसे भरायला बँकेला जोडलेले भारतीय सिम फोनमध्ये लागते आणि त्या फोनवर इंटरनेट लागते. ते कितीला पडेल, याची खात्री नसलेला पर्यटक टॉवरच्या आसपास फुकटचे वाय-फाय शोधत फिरत असतो.