थकलेल्या हाताचा बाजारभाव

बेसबॉल या खेळाशी मराठी माणसाचा संबंध तसा बेताचाच. मुलगा किंवा लेक अमेरिकेत असेल, तर तिकडच्या मुक्कामात जावईबापू एखाद्या संध्याकाळी टीव्हीसमोर बसवतात, तीन तास खेळ समजावून सांगतात, आणि आपण मान डोलावतो. पण या खेळात दरवर्षी एक व्यवहार होतो. तो समजायला खेळ कळावा लागत नाही, माणसे आणि हिशेब कळले तरी पुरते. संघातले तरुण खेळाडू दुखापतींनी एकामागून एक आडवे होतात, आणि मग व्यवस्थापनाला एखाद्या पस्तिशी-चाळिशी ओलांडलेल्या, हाताची डागडुजी झालेल्या, इतरांनी सोडून दिलेल्या माणसाची आठवण होते. त्याला बोलावणे जाते, करारावर सही होते, आणि 'अनुभवी खेळाडूला संधी' अशी बातमी येते.

माझे वाकडे आहे ते या 'संधी' शब्दाशी. नोकरीची सारी वर्षे कर्जाच्या फायली चाळण्यात गेल्यामुळे कोणी कोणावर उपकार केले असे म्हटले, की माझा हात आपोआप आकड्यांच्या रकान्याकडे जातो.

ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. बेसबॉलमध्ये चेंडू टाकणाऱ्याला पिचर म्हणतात. साठ फूट सहा इंचांवरून तो चेंडू टप्पा न पाडता फलंदाजाकडे फेकतो. आपल्या गोलंदाजासारखे हात सरळ ठेवण्याचे बंधन त्याला नाही. कोपर वाकवून, चाबूक ओढावा तसा तो हात झटकतो. या झटक्याचा भार खांद्याच्या स्नायूंवर आणि कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर येतो. जो पिचर सामन्याची सुरुवात करतो तो स्टार्टर. हंगाम १६२ सामन्यांचा, म्हणून प्रत्येक संघ पाच स्टार्टर ठेवतो आणि ते पाळीपाळीने उतरतात. पाचातला एक पडला की घडी विस्कटते, दोन पडले की शोधाशोध सुरू होते.

बार्तोलो कोलोनचे उदाहरण घेऊ. डोमिनिकन रिपब्लिकमधल्या आल्तामिरा गावचा, १९७३ सालचा जन्म. वडिलांबरोबर कॉफीच्या मळ्यात राबून वाढलेला पोरगा. (त्याचे वय आधी दोन वर्षांनी कमी लागले होते आणि ते २००२ साली दुरुस्त झाले. शाळेत मास्तरांनी घातलेली जन्मतारीख आयुष्यभर वागवणाऱ्या आपल्या पिढीला यात नवल वाटायचे कारण नाही.) तरुणपणी त्याचा चेंडू ताशी शंभर मैलांच्या घरात जाई. २००५ साली एंजल्स संघाकडून त्याने २१ सामने जिंकले आणि अमेरिकन लीगमधल्या सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला. त्याच वर्षाच्या अखेरीस खांदा गेला. पुढच्या वर्षी एक विजय. मग बोस्टन, मग शिकागो, दर वर्षी नवा संघ आणि दर वर्षी नवे दुखणे. २०१० साली तर तो मुख्य लीगमध्ये एकही चेंडू टाकू शकला नाही. त्या वर्षी मायदेशात डॉक्टरांनी त्याच्याच चरबीतून आणि अस्थिमज्जेतून काढलेल्या मूलपेशी त्याच्या खांद्यात व कोपरात टोचल्या. नंतर तिथल्या हिवाळी स्पर्धेत तो पुन्हा चेंडू टाकू लागला.

आता न्यूयॉर्क यांकीज या श्रीमंत संघाची त्या वेळची अवस्था पाहा. डिसेंबर २०१० मध्ये त्यांना हवा असलेला क्लिफ ली त्यांचा मोठा देकार नाकारून पाच वर्षांसाठी १२ कोटी डॉलरवर फिलाडेल्फियाला गेला. गंमत अशी, की २००२ साली क्लीव्हलंडने कोलोनला माँट्रियलला दिले तेव्हा बदल्यात घेतलेल्या तरुणांत हाच क्लिफ ली होता. फेब्रुवारीत त्यांचा जुना भरवशाचा अँडी पेटिट निवृत्त झाला. म्हणजे पाचांतल्या दोन जागा रिकाम्या. जानेवारीतच त्यांनी कोलोनशी दुय्यम लीगचा करार केला होता. मुख्य संघात जागा मिळवलीस तर सुमारे ९ लाख डॉलर, नाही मिळवलीस तर तुझा तू मोकळा. त्याच्याच पंगतीला फ्रेडी गार्सिया नावाचा दुसरा एक अनुभवी, खांद्याची शस्त्रक्रिया झालेला पिचर तशाच करारावर घेतला.

हा करार मला फार बोलका वाटतो. कर्ज मागणारा समोर बसला की आम्ही तारण काय आणि परतफेडीची ऐपत काय, हे पाहत असू. कोलोनपाशी तारण होते ते दुखावलेल्या हाताचे, म्हणून क्लबने आपल्या खिशातले काहीही अडकवले नाही. प्रशिक्षण शिबिरात घाम त्याचा, हात त्याचा, पुन्हा मोडला तर दुखणेही त्याचे. जोखीम सारी एका बाजूला आणि निवड करण्याचा हक्क दुसऱ्या बाजूला, अशा कागदाला बँकेत आम्ही संधी म्हटले नसते. धंदा म्हणून तो चोख होता, याबद्दल वाद नाही. त्याला औदार्याचे नाव देऊ नये, इतकेच.

पुढे काय झाले? मार्चमध्ये त्याला पाचांत जागा मिळाली नाही, राखीव पिचर म्हणून ठेवले. एप्रिलच्या मध्यात फिल ह्यूज जायबंदी झाला. हा ह्यूज चोवीस वर्षांचा. आदल्या हंगामात १८ सामने जिंकलेला, पण त्याच्या हातातला वेगच नाहीसा झाला. त्याच्या जागी सदतीस वर्षांचा, पोट सुटलेला कोलोन आला. ३० मे २०११ रोजी ओकलंडला त्याने नऊच्या नऊ डाव एकट्याने टाकून प्रतिस्पर्ध्यांना एकही धाव दिली नाही. हंगामात ८ विजय आणि १० पराभव झाले, नऊ डावांमागे सरासरी चार धावा. गार्सियाने १२ सामने जिंकले. दोघांच्या वाट्याला आलेली रक्कम क्लिफ लीच्या एका वर्षाच्या कमाईपुढे चिल्लर होती, आणि यांकीज ९७ सामने जिंकून आपल्या विभागात पहिले आले. अंतिम टप्प्याच्या पहिल्याच मालिकेत डेट्रॉइटने त्यांना हरवले. त्या मालिकेतल्या एकाही सामन्याची सुरुवात कोलोनला दिली गेली नाही. हंगाम संपला आणि त्याला निरोप मिळाला.

या कहाणीवर एक डाग आहे आणि तो झाकून पुढे जाणे योग्य नव्हे. ऑगस्ट २०१२ मध्ये, ओकलंडकडून खेळताना, टेस्टोस्टेरॉन या निषिद्ध द्रव्यासाठी कोलोनवर ५० सामन्यांची बंदी आली. त्याने ती मान्य केली, भोगली. 'म्हणूनच म्हातारपणी बाळसे धरले' असे म्हणणारे म्हणतात, आणि त्यांना गप्प करता येईल असे उत्तर माझ्यापाशी नाही. पण ओकलंडने त्याला ३० लाख डॉलरवर पुन्हा घेतले आणि २०१३ साली, चाळिसाव्या वर्षी, त्याने १८ सामने जिंकून फक्त ६ हरले. त्यानंतर मेट्स संघाने दोन वर्षांसाठी २ कोटी डॉलर मोजले. पुढे २०१८ पर्यंत तो टाकत राहिला. यांकीजकडे आला तेव्हा त्याच्या नावावर १५३ विजय होते, थांबला तेव्हा २४७. मधले ९४ विजय हे बाजाराने बुडीत खात्यात टाकलेल्या हाताचे. एवढी वर्षे केवळ एका औषधाच्या बाटलीवर निघतात, हे मला पटत नाही.

मग ती कशावर निघाली? वेग गेल्यावर कोलोनने फार नव्या युक्त्या शिकल्याचे दिसत नाही. उतारवयातही त्याचे दहातले आठाहून अधिक चेंडू साधे फास्टबॉलच असत, तेही आजच्या मानाने संथ. फक्त ते जिथे टाकायचे तिथेच पडत. १८ एप्रिल २०१२ रोजी एंजल्सविरुद्ध त्याने ओळीने ३८ स्ट्राइक टाकले. अडतीस चेंडूंत एकही वाया नाही! आणि प्रत्येक चेंडूवर जीव ओतायचा नाही, ताकद पुरवून वापरायची, हे त्याला कळले होते. घर चालवणाऱ्या बाईला महिनाअखेरीचे हे शास्त्र कोणी शिकवावे लागत नाही.

तरुणांना मात्र आज याच्या नेमके उलटे शिकवले जाते. डिसेंबर २०२४ मध्ये मेजर लीग बेसबॉलने स्वतःच पिचरांच्या दुखापतींवर एक मोठा अहवाल प्रसिद्ध केला. फास्टबॉलचा सरासरी वेग २००८ साली ताशी ९१.३ मैल होता, तो २०२४ साली ९४.२ वर गेला. पिचर दुखापतींच्या यादीत जाण्याचे प्रसंग २००५ साली २१२ होते, ते २०२४ साली ४८५ झाले. अहवालाने कारणातही आडपडदा ठेवला नाही. वेगाचा हव्यास, चेंडू अधिकाधिक वळवण्याची धडपड, आणि प्रत्येक चेंडू सर्व ताकदीनिशी टाकण्याची सवय.

कोपराचा तो अस्थिबंध तुटला तर बसवता येतो, हे जगाला १९७४ साली कळले. डॉ. फ्रँक जोब यांनी टॉमी जॉन नावाच्या पिचरच्या एका हातातला स्नायुबंध काढून दुसऱ्या हाताच्या कोपरात बसवला. यशाची शक्यता शंभरात एक, असे त्यांनी सांगितले होते. जॉन त्यानंतर १६४ सामने जिंकला, शेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला, आणि शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले. वैद्यकाचा तो मोठाच विजय. पण दुरुस्ती शक्य आहे म्हटल्यावर मोडण्याची भीती गेली. आता शाळकरी पोरांवर ही शस्त्रक्रिया होते, आणि तिने वेग वाढतो अशी समजूत बाळगणारे आईबापही तिकडे आहेत.

म्हणजे असे, की तरुणाचे हात मोडेपर्यंत वेग विकत घ्यायचा, आणि ते मोडले की न मोडण्याची कला जाणणाऱ्या म्हाताऱ्याला स्वस्तात बोलवायचे. दोन्ही खरेदी एकाच दुकानात, एकाच गल्ल्यावरून. मला यात खटकते ते म्हाताऱ्याला पैसे कमी मिळतात हे नव्हे. लाखो डॉलर मिळवणाऱ्याची कीव करण्याइतका मी भाबडा नाही. खटकते ते हे, की त्याच्याकडून सामने काढून घेतले जातात आणि त्याची विद्या तशीच पडून राहते. तो फुटलेल्या काचेच्या जागी लावलेला पुठ्ठा ठरतो. नवी काच आली की पुठ्ठा बाहेर.

आपल्याकडच्या बँकांनी हे वेगळ्या रीतीने करून पाहिले आहे. २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून लाखाहून अधिक माणसे बाहेर पडली. एकरकमी पैसे देऊन बँकांनी अनुभव घालवला आणि खर्च वाचवल्याचा आनंद मानला. पुढे लेखापरीक्षणासारख्या कामांना जाणते डोळे हवे झाले, तेव्हा निवृत्त अधिकारीच कराराने, ठोक मानधनावर बोलावले गेले. त्यांना फायली मिळाल्या. शेजारी बसवलेला, शिकायला ठेवलेला तरुण मात्र क्वचितच कोणाला मिळाला.

कोणी म्हणेल, कोलोन हा अपवाद. खरे आहे. दर मार्चमध्ये असे कितीतरी पिचर शिबिरात येतात, तीन आठवडे टाकतात आणि बॅग उचलून घरी जातात. त्यांच्यावर कोणी लेख लिहीत नाही. पण याचा अर्थ माझ्या लेखी इतकाच, की आणीबाणी येईपर्यंत थांबून अनुभव विकत घेऊ नये. पाचांतली एक जागा हंगामाच्या पहिल्या दिवसापासून अशा माणसासाठी ठेवावी, त्याला हमीचा करार द्यावा, आणि त्याच्या विजयांइतकाच त्याच्याजवळ बसणाऱ्या पोरांचे कोपर किती वर्षे टिकले, याचाही हिशेब ठेवावा. यात नफा आहे की नाही हे पाच वर्षांत कळेल. याहून कच्च्या आधारावर कर्जे मंजूर होताना मी पाहिली आहेत.

२०१८ साली टेक्सास रेंजर्सने कोलोनला घेतले तेही दुय्यम लीगच्याच करारावर, म्हणजे सात वर्षे आणि ८७ विजय जमा होऊनही कागद तोच. १५ एप्रिलला ह्यूस्टनमध्ये तो जस्टिन व्हर्लँडरसमोर उतरला. पंचेचाळिसावे वर्ष पुरे व्हायला महिना-सव्वा महिना उरला होता. समोर आदल्या वर्षीचे विश्वविजेते. सात डाव, एकवीस फलंदाज, आणि एकालाही पहिल्या बेसपर्यंत पोचता आले नाही. आठव्या डावाच्या सुरुवातीला पंचांनी एकाला चालत जाऊ दिले, पुढच्याने फटका मारला, आणि ती जादू तुटली. रेंजर्स दहाव्या डावात जिंकले. विजय दुसऱ्या पिचरच्या खात्यावर जमा झाला. बेसबॉलमध्ये नियमच तसा आहे.