गाडी ज्याची, भाव त्याचा



दिवाळी झाली की कापसाच्या गावात दोन गाड्या फिरू लागतात. एक खेडा खरेदीवाल्याची. ती दारात येते, काटा लावते, रोख पैसे मोजते आणि बाजारापेक्षा कमी भावाने कापूस उचलून नेते. दुसरी गाडी वाहन विक्रेत्याची. तिच्यावर कर्णा असतो आणि ‘थोडे पैसे भरा, पिकअप घरी न्या’ असा पुकारा असतो. पहिल्या गाडीने पोळलेला शेतकरी दुसरीकडे आशेने बघतो. आपली गाडी असती तर दारात विकावे लागले नसते, असे त्याला वाटते. ते चूक नाही. पण सही करण्याआधी हिशेब मांडायला हवा.

जुन्या कार्यकर्त्यांना आठवत असेल. १९७२ पासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी होती. शेजारच्या राज्यात भाव बरा असला तरी कापूस सरकारलाच घालायचा. सीमेवर गाडी अडवली जायची. तेव्हा गाडी असूनही वाट बंद होती. आज वाट मोकळी आहे, पण ज्याच्याकडे गाडी नाही तो दारातच विकतो. म्हणून गाडीचा प्रश्न हौसेचा नाही, भावाचा आहे.

आता हिशेब. समजा, पाच एकर कोरडवाहू कापूस आहे आणि चाळीस क्विंटल माल झाला. दारातला भाव आणि बाजारातला भाव यात क्विंटलमागे ३०० रुपयांचा फरक आहे. सगळा कापूस स्वतः नेला तर वर्षाला १२,००० रुपये जास्त मिळाले. आता पिकअपसाठी आठ लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी ११ टक्क्यांनी काढले, तर महिन्याचा हप्ता १७,४०० च्या आसपास बसतो. म्हणजे वर्षभराच्या कापसाने वाचवलेले पैसे एका हप्त्यालाही पुरत नाहीत. डिझेल, विमा, टायर अजून बाजूलाच आहेत. असे दहा शेतकरी एकत्र आले तरी फरक १,२०,००० चा आणि हप्ते दोन लाखांच्या वर. कापसावर एकट्यावर पिकअप उभी राहत नाही. वर्षभर खत, बियाणे, भाजीपाला, कडबा यांचे भाडे मिळणार असेल, तरच ती घ्यावी.

मग काय दारातच विकायचे? नाही. भाड्याची गाडी आहे. समजा बाजारापर्यंतचे भाडे ३,००० रुपये. एकट्याने १० क्विंटल भरला तर क्विंटलला ३०० पडले. फरक सगळा भाड्यात गेला. दोघातिघांनी मिळून १५ क्विंटल भरला तर २०० पडले आणि १०० हाती राहिले. गाडी तीच, भाडे तेच. रिकामी जागा भरली तेवढाच फरक.

ज्यांना गाडी घ्यायचीच आहे त्यांनी आधी माल बघावा. कापूस जागा खातो, ज्वारी वजन खाते. कापसाची गाडी पाय देऊन दाबली तरी वजनाआधी हौदा भरतो. ज्वारीची पोती मात्र अर्धा हौदा भरण्याआधीच पाटे बसवतात. म्हणून कापूसवाल्याने हौद्याची लांबी-रुंदी मोजावी, ज्वारीवाल्याने भारक्षमता. बोलेरो पिकअपचे १.३ टन, १.७ टन असे प्रकार निघाले. टाटांनी २०२२ मध्ये योद्धा २.० दोन टनांची म्हणून काढली. पण विक्रेत्याच्या तोंडच्या टनावर जाऊ नका. आरसी बुकात रिकामे वजन आणि भरलेले वजन असे दोन आकडे असतात. त्यांची वजाबाकी करा. त्यातून वाढवलेले फाळके, लोखंडी जाळी, ड्रायव्हर आणि हमाल वजा करा. उरेल तेवढाच तुमचा माल.

‘थोडे जास्त भरले तर काय होते’ म्हणणाऱ्यांसाठी: केंद्राच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा भाराला २०,००० रुपये आणि वरच्या प्रत्येक टनाला २,००० रुपये दंड ठेवला आहे. शिवाय जादा माल रस्त्यातच आपल्या खर्चाने उतरवायचा. एका दंडात हंगामाचा नफा जातो. एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालगाडीला परवाना लागत नाही, त्यावरच्या गाडीला लागतो. हा आकडाही खरेदीआधीच बघा.

ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे त्याने पिकअपची घाई करू नये. पाणंदीतून, काळ्या मातीतून माल बाहेर काढायला ट्रॅक्टरच लागतो. तिथे पिकअपचे मागचे चाक जागीच फिरते. बाजार जवळ असेल तर ट्रॉली पुरते. लांबच्या बाजाराला मात्र ट्रॅक्टरने दिवस मोडतो आणि रात्री मागचा दिवा नसलेली ट्रॉली जीव घेते. तिथे पिकअप बरी. ट्रॉलीची नोंदणी आणि विमा वेगळा असतो, हे विसरू नका. शेतीसाठी नोंदलेल्या ट्रॅक्टरने दुसऱ्याचा माल भाड्याने वाहिला आणि अपघात झाला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

निघण्याआधी कापूस वाळवा. सीसीआयच्या केंद्रावर ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव, १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्यापुढे माल परत. परत आलेल्या गाडीचे भाडे दुप्पट होते आणि तोच कापूस मग दारातल्या काट्यावर पडतो. रांगेत गाडी उभी राहिली तर थांबण्याचे पैसे कोण देणार, हेही गाडीवाल्याशी आधीच बोलून घ्या.

शेवटचा मुद्दा मागणीचा. ट्रॅक्टरच्या कर्जाचे हप्ते बँका सहामाही, सुगीच्या मेळाने बांधून देतात. पिकअपचा हप्ता मात्र महिन्याला. ज्याच्या घरात पैसा वर्षातून एक-दोनदाच येतो, त्याला महिन्याचा हप्ता म्हणजे सावकाराच्या दाराची वाट. शेतकऱ्याने माल वाहण्यासाठी घेतलेल्या गाडीलाही सुगीचे हप्ते मिळाले पाहिजेत. यात अनुदान मागितलेले नाही, माफी मागितलेली नाही. आमच्या पिकाचे वेळापत्रक बँकेने ओळखावे, एवढेच मागणे आहे.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने तीन आकडे लिहून आणावेत: गावात किती क्विंटल कापूस आहे, दारातला भाव काय, बाजारातला भाव काय. भाडे किती ते आपण तिथे बसून मांडू. कोणत्या गावांनी मिळून गाडी लावायची आणि कोणी घ्यायची, हे त्या कागदावरून ठरेल. कर्ण्यावरच्या पुकाऱ्यावरून नाही.