आतड्याच्या दुखण्यात हाडांनाही जपा

अल्सरेटिव्ह कोलायटिस किंवा क्रोन्स डिसीज झालेल्या रुग्णाचे सारे लक्ष पोटाकडे असते. आज किती वेळा शौचाला जावे लागले, रक्त पडले का, काय खाल्ल्याने पोट दुखले, याच विवंचनेत त्याचा दिवस जातो. हाडांची झीज मात्र दुखत नाही. त्यामुळे ती लक्षात येते बहुधा हाड मोडल्यावरच.

या दोन्ही आजारांत आतड्याला दीर्घकाळ दाह होतो. कोलायटिस मोठ्या आतड्यापुरता असतो, तर क्रोन्स पचनमार्गात कुठेही होऊ शकतो. कॅनडातील मॅनिटोबा प्रांतात अशा सहा हजारांहून अधिक रुग्णांची पाहणी झाली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार, या रुग्णांत हाड मोडण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ४० टक्क्यांनी जास्त होते.

हाडे का झिजतात?

हाड जन्मभर झिजत असते आणि नव्याने घडतही असते. दाहामुळे रक्तात वाढणारी काही रसायने हाड झिजवणाऱ्या पेशींना चेतवतात. लहान आतडे बिघडले असेल किंवा त्याचा भाग कापून काढला असेल, तर ‘ड’ जीवनसत्त्व व कॅल्शियम पुरेसे शोषले जात नाही. शिवाय हे आजार बऱ्याचदा ऐन तारुण्यात सुरू होतात. हाडांची पुंजी साधारण तिशीपर्यंतच साठते. ती साठवण्याच्या वयातच खर्च सुरू होतो.

तिसरे कारण औषधात आहे. आजार उसळला की प्रेडनिसोलोनसारखी स्टेरॉइड्स दिली जातात आणि ती चटकन गुण देतात. पण त्यांनी नवे हाड घडणे मंदावते. हाडांचे सर्वाधिक नुकसान पहिल्या काही महिन्यांतच होते. बरे वाटले म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून त्याच गोळ्या पुन्हा पुन्हा आणणे म्हणूनच घातक. मात्र हे वाचून गोळ्या एकदम बंदही करू नयेत. त्याने जिवावर बेतू शकते. मात्रा डॉक्टरांनीच हळूहळू उतरवायची असते.

तपासणी केव्हा?

स्टेरॉइड्स तीन महिने किंवा अधिक घ्यावी लागली असतील, वारंवार घ्यावी लागत असतील, वजन फार घटले असेल, पाळी बंद झाली असेल किंवा किरकोळ पडण्याने हाड मोडले असेल, तर हाडांच्या घनतेची ‘डेक्सा’ तपासणी करावी का, हे डॉक्टरांना विचारावे. ती वेदनारहित असून थोड्या मिनिटांत होते. उंची कमी होणे, पाठीला बाक येणे किंवा अचानक पाठ दुखू लागणे ही मणका दबल्याची खूण असू शकते.

घरी काय करावे?

पोट बिघडेल या भीतीने पुष्कळ रुग्ण दूध कायमचे सोडतात. दूध खरोखरच सोसत नसेल, तर दही-ताक बरेचदा पचते. नाचणीत १०० ग्रॅममागे सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. आजार उसळलेला असताना भाकरीपेक्षा गाळलेल्या सत्त्वाची पेज हलकी पडते. प्रौढाला दिवसाला साधारण १००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. आहारातून ते मिळत नसेल, तर गोळ्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. क्रोन्सच्या रुग्णांना मूतखड्याचा धोका अधिक असतो. रक्तातील ‘ड’ जीवनसत्त्वही तपासून घ्यावे. झेपेल तितके चालावे, जिने चढावेत. विडी-सिगारेट सोडावी, ती क्रोन्स बळावते आणि हाडेही पोखरते.

या साऱ्याइतकेच महत्त्वाचे म्हणजे आतड्याचा दाह आटोक्यात ठेवणे. स्टेरॉइड्सचा आधार सुटावा म्हणून डॉक्टर दुसरी औषधे देतात. बरे वाटू लागताच ती सोडली, तर आजार पुन्हा उसळतो आणि पुन्हा स्टेरॉइड्सची पाळी येते. नेमाने घेतलेल्या औषधाने पोटाबरोबर हाडेही सांभाळली जातात, हे रुग्णाने आणि घरच्यांनी ध्यानात ठेवावे.