घोरणारे मूल आणि शाळेचे प्रगतिपुस्तक

मूल घोरू लागले की ते गाढ झोपले, असा घरोघरी समज असतो. वस्तुतः मुलांचे रोजचे घोरणे हे गाढ झोपेचे लक्षण नसून श्वासमार्ग अरुंद झाल्याची खूण असते. अशा मुलांपैकी काहींचा श्वास झोपेत वारंवार अडतो, रक्तातील प्राणवायू घटतो, मेंदू क्षणभर जागा होतो आणि श्वास पुन्हा सुरू होतो. रात्रभर हे चक्र चालते. सकाळी मुलाला त्यातले काहीच आठवत नाही. झोपेतील श्वासरोध या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विकाराचे प्रमाण अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१२ साली १.२ ते ५.७ टक्के असे नमूद केले आहे. म्हणजे पन्नास मुलांच्या वर्गात असे एखाद-दुसरे मूल असणे मुळीच अशक्य नाही.

हा शोध आजचा नव्हे. विल्यम हिल या ब्रिटिश डॉक्टरांनी १८८९ मध्येच मुलांच्या अभ्यासातील मागासलेपणाचा संबंध अडलेल्या श्वासाशी जोडला होता. गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये आठ मुलांमधील या विकाराचे सविस्तर वर्णन केले. तरीही तो नजरेतून निसटतो. कारण मुलांमधील त्याचे रूप फसवे असते. प्रौढ रुग्ण दिवसा पेंगतो. मूल बहुधा उलट चंचल, चिडखोर होते. त्याचे लक्ष लागत नाही. मग घरात ते हट्टी आणि शाळेत ‘ढ’ ठरते. आजार रात्रीचा, शिक्षा मात्र दिवसा!

ओळखण्याच्या खुणा अवघड नाहीत. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री घोरणे, मध्येच श्वास थांबून धाप लागल्यासारखे दचकणे, तोंड उघडे ठेवून वा मान मागे टाकून झोपणे, झोपेत घाम येणे, सुटलेली सवय परत येऊन अंथरूण ओले होणे, सकाळी डोके दुखणे, या त्या खुणा. दोन ते आठ या वयात वाढलेले टॉन्सिल्स आणि नाकामागील ॲडेनॉइडच्या गाठी हे मुख्य कारण असते. अलीकडे बालवयातील स्थूलतेची त्यात भर पडली आहे.

परंतु खुणा म्हणजे निदान नव्हे. नुसते घोरणारे मूल आणि श्वास अडणारे मूल यांतील भेद केवळ पालकांच्या सांगण्यावरून किंवा टॉन्सिलचा आकार पाहून खात्रीने करता येत नाही. त्यासाठी रात्रभर श्वास, प्राणवायू, हृदयाचे ठोके आणि मेंदूच्या लहरी एकत्र नोंदणारी पॉलिसोम्नोग्राफी ही चाचणी प्रमाण मानली जाते. तिचे निकषही मुलांसाठी वेगळे आहेत. प्रौढांत तासाला पाचांपर्यंत अडथळे क्षम्य मानतात; मुलांत एकापेक्षा अधिक झाले तरी तज्ज्ञ सावध होतात. ही चाचणी महाग, आणि मुलांसाठीची सोय मोठ्या शहरांबाहेर दुर्मीळ. रोजंदारीवर जगणाऱ्या आईबापांना तर चाचणीच्या खर्चाबरोबर बुडालेला रोजही मोजावा लागतो.

हा खर्च परवडत नाही, असे म्हणताना दुसरी बाजू मांडलीच जात नाही. अमेरिकेत १९९८ साली डेव्हिड गोझाल यांनी अभ्यासात अगदी मागे असलेल्या पहिलीच्या २९७ मुलांची तपासणी केली. त्यांतील ५४ मुलांच्या झोपेतील श्वसनात दोष आढळला. ज्यांच्यावर शस्त्रक्रिया झाली, त्यांचे गुण पुढील वर्षी सुधारले. उपचार न घेतलेल्यांचे सुधारले नाहीत. अर्थात शस्त्रक्रिया हा रामबाण उपाय नव्हे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४६४ मुलांच्या मोठ्या प्रयोगात शस्त्रक्रियेनंतर वर्तन व झोप सुधारली, पण एकाग्रतेच्या चाचणीत लक्षणीय फरक पडला नाही. आणि नुसत्या देखरेखीखाली ठेवलेल्यांपैकी ४६ टक्के मुलांची निद्राचाचणी सात महिन्यांत आपोआप सामान्य झाली. अचूक निदानाचे महत्त्व यातूनच ठसते. त्यावाचून एकाला अनावश्यक शस्त्रक्रिया घडते आणि दुसऱ्याला आवश्यक ती मिळत नाही.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ २०१३ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्रातच, पालघर येथे झाला. वैद्यकीय पथके अंगणवाड्यांत वर्षातून दोनदा आणि शाळांत एकदा जाऊन मुले तपासतात, ही मोलाची व्यवस्था आहे. मूळ यादीतील तीस विकारांत अध्ययनातील अडचणी आहेत, अतिचंचलता आहे. त्यामागे असू शकणारा झोपेतील श्वासरोध मात्र नाही. शिवाय पथकापुढे मूल उभे राहते ते जागेपणी, आणि बहुधा आईवडिलांविना. रात्रीचे साक्षीदार तेथे नसतातच.

म्हणून तपासणीपूर्वी घरी एक चिठ्ठी पाठवून दोन प्रश्न विचारावेत: मूल नेहमी घोरते का? झोपेत श्वास थांबल्यासारखा वाटतो का? होकार आल्यास पालकांनी साध्या मोबाईलवर केलेले झोपेचे चित्रण आणि रात्रभराची प्राणवायूची नोंद यांवरून कोणाला आधी पाठवायचे हे ठरवता येईल. पूर्ण चाचणीची सोय निदान शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत असावी. प्रश्न विचारण्याला खर्च जवळपास नाही. तो न विचारण्याची किंमत मात्र मूल प्रगतिपुस्तकावर वर्षानुवर्षे भरत राहते.